पावसांतली आवराआवर

पावसाच्या दिवशीं घरांत बसून करावयाच्या कामांविषयीं चार शब्द सांगावेत, अशी सूचना मला आली, तेव्हां प्रथम मी संकोचलों. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढें अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि छत्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत मुलांना शिकविलें. घरकामांतली माझी योग्यता विचाराल, तर फळा पुसणें आणि खडूची पेटी जागेवर ठेवणें, यापलीकडे ती कधीं गेली नव्हती. परंतु गेल्या आषाढांत एक दिवस असा आला कीं, सकाळीं नऊपासून दिवेलागणीपर्यंत मला घराची आवराआवर करावी लागली. आणि त्या आवराआवरींत, आमच्या घराकडून साठ वर्षांहून अधिक काळ राहून गेलेलें एक काम माझ्या हातीं आलें. तो दिवस जसा गेला तसा सांगतों. त्यांतून कोणास कांहीं उपयोगाचें सांपडलें, तर तें त्यानें घ्यावें.

दिवस होता आषाढ वद्य चतुर्दशीचा. पुण्यास तीन दिवस पाऊस लागला होता. पुण्याचा पाऊस एरवीं कोंकणासारखा कोसळत नाहीं. तो सोशिकपणें, बारीक धारेनें, दिवसभर पडत राहतो. पण त्या दिवशीं हवामानखात्यानें घाटमाथ्याला लाल इशारा दिला होता आणि शाळांना सुटी जाहीर झाली होती. त्यामुळें पांचवींतली आमची नात घरीं होती. चिरंजीव कामानिमित्त परगांवीं गेले होते. सूनबाई घरूनच संगणकावर कचेरीचें काम करीत होती. आम्ही दोघें म्हातारीं माणसें तर नेहमींचींच घरीं. ओल्या कपड्यांच्या दोऱ्या दिवाणखान्यापर्यंत आलेल्या, सगळीकडे तो दमट वास, आणि वर्तमानपत्र हातांत घ्यावें तर तेंहि मऊ पडलेलें. अशा वेळीं आमच्या मंडळींनीं मला हांक मारली, "अहो, उद्यां दिव्यांची अवस. माळ्यावरून दिव्यांची पेटी तेवढी काढून द्या."

ज्यांच्या घरीं ही चाल राहिली नसेल, त्यांच्यासाठीं सांगतों. आषाढी अमावास्येला घरांतले सगळे दिवे, समया, निरांजनें, लामणदिवे, पणत्या, घासूनपुसून पाटावर मांडतात, भोंवतीं रांगोळी काढतात, ते उजळतात आणि त्यांची पूजा करतात. कणकेचे गोड दिवे उकडून तुपाबरोबर खातात. दुसऱ्या दिवशीं श्रावण लागतो आणि तेथून दिवाळीपर्यंत सणांची रांग सुरू होते. सणांच्या आधीं दिवे घासून तयार असावेत, हा यांतला व्यवहार उघड आहे. निदान त्या निमित्तानें वर्षांतून एकदां माळा उघडतो, हाहि लाभ लहान नव्हे.

शिडी लावून मी माळ्यावर पाहिलें, तों दिव्यांची पेटी दिसेना. तिच्यापुढें आमच्या संसाराची तटबंदी उभी होती. दूरचित्रवाणीच्या एका संचाचें खोकें होतें. तो संच भंगारांत जाऊन सात वर्षें झालीं होतीं. मिठाईचे रिकामे डबे होते, मिक्सरचें फुटकें भांडें होतें, काड्या मोडलेल्या दोन छत्र्या होत्या, अकरा वर्षांच्या दिनदर्शिका होत्या, आणि विजेच्या तारांचा एक गुंता होता. त्यांतली एकहि तार आतांच्या कोणत्याच मोबाईलला लागत नव्हती. "हें सर्व कोणाचें?" असें मीं वरून विचारलें. "तुमचें!" असें खालून तीन आवाजांत उत्तर आलें. चौकशीअंतीं त्यांतलें निम्में खरोखरच माझें निघालें. 'केव्हांतरी उपयोगीं पडेल' या एका वाक्यावर आमच्या पिढीचे माळे भरलेले आहेत. ज्यांनीं रॉकेलसाठीं आणि साखरेसाठीं रांगा लावल्या, त्यांना चांगला रिकामा डबा टाकवत नाहीं. हा दोष खरा. पण तो काटकसरीच्या पोटीं जन्मलेला दोष आहे, इतकें आमच्या बाजूनें म्हणतां येईल.

एवढ्यांत नात शिडीपाशीं आली आणि म्हणाली, "आजोबा, माळा रिकामा झाला, तर खिडकीजवळच्या तुमच्या कागदांच्या पेट्या वर जातील ना? मग तिथें माझें टेबल बसेल." ती गेलें वर्षभर जेवणाच्या टेबलावर अभ्यास करीत होती आणि ताटें मांडण्याची वेळ झाली कीं वह्या गोळा करून उठत होती. हें मी रोज पाहत होतों. सूनबाई मर्यादेनें कधीं बोलली नाहीं आणि मला कधीं सुचलें नाहीं. ज्यानें छत्तीस वर्षें दुसऱ्यांच्या मुलांना 'नीट बसून लिहा' असें सांगितलें, त्याच्याच पेट्यांनीं नातीची बसण्याची जागा अडविली होती. मीं धोतर खोंचलें आणि सगळा माळा उतरवावयास आरंभ केला.

आतां कामाच्या क्रमाविषयीं थोडें सांगतों. पावसाच्या दिवशीं सगळींच कामें करतां येत नाहींत. निवड करणें, मोजणें, वाटे घालणें, घासणें, शिवणें, हीं कामें पावसांत उत्तम होतात. वाळविणें आणि हवा देणें, हीं मुळींच होत नाहींत. पुष्कळ गृहिणी हौसेनें पावसांतच रेशमी लुगड्यांचें कपाट उघडून बसतात. तसें करूं नये. बाहेरची हवा तेव्हां पाण्यानें जड झालेली असते. ती कपाटांत शिरते आणि दार लावल्यावर आंतच कोंडून राहते. पैठण्या व शालू यांना हवा द्यावयाची ती पावसाळा सरल्यावर, सांवलींत. त्या प्लास्टिकच्या पिशवींत न ठेवतां धुतलेल्या सुती कापडांत गुंडाळाव्यात आणि दर खेपेस घडी निराळ्या जागीं मोडावी, म्हणजे जर एकाच रेषेंत चिरत नाहीं.

पुस्तकांचेंहि तसेंच. हवेंतली आर्द्रता शेंकडा सत्तरच्या वर राहूं लागली कीं कागदावर बुरशी धरते, आणि पावसाळ्यांत ती दिवसेंदिवस त्याहून वर असते. पुस्तकांचें कपाट बाहेरच्या भिंतीला अगदीं चिकटून ठेवूं नये. चार बोटें जागा सोडावी, म्हणजे मागून वारा फिरतो. बुरशी दिसली तर ओल्या फडक्यानें पुसूं नये. तोंडाला फडकें बांधून, कोरड्या मऊ कुंच्यानें, खिडकीपाशीं झाडावी. जीं पुस्तकें भिजलीं असतील, त्यांच्या पानांमध्यें टीपकागद घालून तीं पंख्याखालीं उभीं ठेवावींत. बांधणीच्या खळीला लागते ती कसर. तिच्यासाठीं वेखंडाचे तुकडे किंवा कडुलिंबाचा वाळलेला पाला फडक्यांत बांधून ठेवण्याची जुनी रीत आहे. मात्र त्यावर विसंबून न राहतां महिन्यांतून एकदां पुस्तकें हलवावींत. जें पुस्तक कोणी हातांत घेतो, त्याला कसर सहसा लागत नाहीं.

स्वयंपाकघरांत आमच्या मंडळींनीं त्या दिवशीं डबे पाहिले. पावसाळ्यांत तांदळांत सोंडे होतात आणि डाळींत किडे. तांदळाला व तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात लावून ठेवावा, डबा घट्ट झांकणाचा असावा, आणि धान्य काढतांना हात अगदीं कोरडा असावा. धान्यांत घालावयाच्या पाऱ्याच्या गोळ्या पूर्वीं पुष्कळ घरांत वापरीत असत. आमच्याहि एका डब्यांत तशा निघाल्या. त्या आम्ही लगेच बाजूला केल्या. पारा हें विष आहे. अन्नाच्या डब्यांत त्याला जागा नाहीं. औषधांचा डबाहि मीं पाहिला. त्यांतल्या दोनतृतीयांश औषधांची मुदत टळून गेलेली होती. त्यांत नातीच्या बाळपणच्या तापाची एक बाटली होती. ती आतां मला नाकांपर्यंत येते.

दुपारपर्यंत दिवाणखान्यांत सामानाचा डोंगर झाला. मग मीं वर्गांत करीत असे तसे वाटे घातले. पहिला वाटा ठेवावयाच्या वस्तूंचा. दुसरा टाकावयाच्या किंवा देऊन टाकावयाच्या वस्तूंचा. नातीनें वहींत दोन रकाने आंखले आणि प्रत्येक वस्तूला रेघ ओढूं लागली. वादाचे प्रसंग आले. मंडळींचें म्हणणें असें कीं जुनें घमेलें ठेवावें. माझें म्हणणें असें कीं जुन्या परीक्षांच्या उत्तरपत्रिका ठेवाव्यात. सूनबाईनें संगणकावरून मान न वळवितां निकाल दिला, "बाबा, दोन्ही जाऊं द्यात." जन्माचे व शाळेचे दाखले, घराचें खरेदीखत, बँकेचे कागद एका जाड पाकिटांत घालून कपाटांत गेले. बाकी कागद रद्दींत. बरे कपडे बोहारणीसाठीं निराळे ठेवले. तारा आणि मोडकीं यंत्रें साध्या कचऱ्यांत न टाकतां निराळीं द्यावीं लागतात, म्हणून त्यांची पिशवी वेगळी केली. कागद, कांच आणि पत्रा हेहि वेगवेगळे बांधले. हें काम करतांना ज्यांच्या हातीं हें सर्व जावयाचें त्यांची आठवण ठेवावी. पुण्यांत कचरा वेंचणाऱ्या बायांनीं १९९३ सालीं कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत या नांवानें आपली संघटना बांधली. फुटकी कांच आपण उघडी टाकली, तर ती त्यांच्यापैकींच कोणाच्या तरी हातांत रुतते. ती जाड कागदांत गुंडाळून, वर तसें लिहून द्यावी. याला अर्धें मिनिट लागतें.

येथवर सर्व ठीक चाललें होतें. तिसरा वाटा करावा लागेल, हें मला तोंवर ठाऊक नव्हतें.

माळ्याच्या अगदीं मागल्या कोंपऱ्यांत, दिव्यांच्या पेटीच्याहि पलीकडे, पत्र्याची एक काळी ट्रंक होती. ती माझ्या वडिलांची. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असूं. १९८८ सालीं ते वारले, तेव्हांपासून ती माझ्याकडे आहे. आंत त्यांचे कागद असतील, अशा समजुतीनें मीं ती एका घराच्या माळ्यावरून दुसऱ्या घराच्या माळ्यावर नेली. उघडली मात्र कधींच नाहीं. तिच्या अंगावर, बुडापासून वीतभर उंचीवर, मातकट रंगाची एक रेघ चारी बाजूंनीं गेलेली आहे. ती रेघ १२ जुलै १९६१ ची.

श्रोत्यांपैकीं पुण्याच्या जुन्या मंडळींना हा दिवस सांगावा लागणार नाहीं. नव्यांसाठीं थोडक्यांत सांगतों. आंबी नदीवर पानशेतचें धरण तेव्हां बांधलें जात होतें आणि काम पुरें होण्यापूर्वींच त्यांत पावसाचें पाणी सांठलें होतें. आदल्या रात्रीं लष्कराच्या जवानांनीं वाळूच्या पोत्यांनीं तें सांवरून धरण्याची शिकस्त केली. सकाळीं तें फुटलें. त्या लोंढ्यानें खालचें खडकवासल्याचें जुनें धरणहि त्याच दिवशीं फुटलें. मुठेकांठच्या पेठांत पाणी शिरलें, मातीचे वाडे कोसळले, हजारों कुटुंबें उघड्यावर आलीं. रात्रीं न फुटतां तें दिवसा फुटलें, म्हणून पुष्कळ जीव वांचले. आमचें बिऱ्हाड शनिवार पेठेंतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर होतें. मी त्या वेळीं तीन वर्षांचा होतों. अण्णांनीं एवढी एक ट्रंक वरच्या मजल्यावर नेली. पाणी तेथेंहि वीतभर चढलें, आणि मग उतरूं लागलें.

ट्रंकेचें कुलूप गंजून गेलें होतें. हातोडीच्या एका ठोक्यानें तें निघालें. आंत वरच एक वही होती. अण्णा सरकारी कचेरींत कारकून होते आणि त्यांचें अक्षर मोत्यासारखें होतें. पहिल्या पानावर मथळा होता : 'पुरांत गेलेल्या सामानाची यादी'. मदतीच्या अर्जासाठीं त्यांनीं ती केली असावी. नातीनें ती मोठ्यानें वाचली. घागरी दोन. तपेलें एक. पाट चार. सतरंज्या दोन. भिंतीवरचें घड्याळ एक. वरवंटा एक, पाटा सांपडला. समई एक, मुलांच्या आईच्या माहेरची. याप्रमाणें एकूण एकेचाळीस नग. "आजोबा, एवढेंच?" असें तिनें विचारलें. पांच माणसांचें बिऱ्हाड होतें तें. मग तिनें आपल्या वहींतल्या दुसऱ्या रकान्यांतल्या रेघा मोजल्या. टाकावयाच्या वस्तूच एकशें सतरा झाल्या होत्या. कोणी कांहीं बोललें नाहीं. सूनबाईहि खुर्चीवरून उठून आमच्याजवळ येऊन बसली.

वहीखालीं जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळलेली एक जड वस्तु होती. सोडून पाहिली, तों पितळेची हातभर उंचीची समई निघाली. काळी पडलेली, अक्षरांच्या खांचांत वाळलेला गाळ. पूर्वीं रुखवतांतल्या भांड्यांवर नांव घालून घेण्याची चाल होती. तसें तिच्या बैठकीवर एका नव्या नवरीचें नांव, मामाकडून भेट, आणि शके १८७८ असें कोरलेलें होतें. नांव आमच्या घराण्यांतलें नव्हतें. बरोबर एक चिठ्ठी होती. अण्णांनीं लिहिलें होतें : 'ही समई आपली नव्हे. पुरानंतर चौकांतल्या गाळांत मिळाली. शेजारच्या बिऱ्हाडाची आहे. पत्ता लागतांच पोंचती करणें.' त्याखालीं निराळ्या शाईंत दोन टिपा होत्या. गोखलेनगरच्या निसन हटांत, जेथें पूरग्रस्तांची तात्पुरती सोय केली होती, तेथें ते दोनदां जाऊन आले होते. ते लोक तेथून दुसरीकडे गेले, असें त्यांना कळलें होतें. दुसऱ्या टिपेवर साल १९६३. त्यापुढें कांहीं नाहीं.

ती समई हातांत घेऊन मी बराच वेळ बसलों. पुरानंतर आम्ही दुसऱ्या पेठेंत एका खोलींत राहिलों, तें दिवस मला अंधुक आठवतात. दिवेलागणीला आई मातीच्या पणतींत वात लावीत असे. समई घेण्याची ऐपत व्हावयास कित्येक वर्षें लागलीं. आणि त्या सगळ्या काळांत खाटेखालच्या ट्रंकेंत ही समई होती. ती वापरावी असें त्या दोघांच्या मनांत आलें नसेल असें मी म्हणणार नाहीं, आलें असेल. पण ती आपली नव्हे, असें चिठ्ठींत लिहिलेलें होतें, आणि तेवढ्यावर तो विषय संपला होता. अण्णांनीं निदान दोन खेपा घातल्या. माझ्याकडे ती सदतीस वर्षें होती आणि मीं झांकण उघडलें नाहीं. तेव्हां दिवाणखान्याच्या मधोमध मीं तिसरा वाटा मांडला, दुसऱ्यांच्या वस्तूंचा. त्यांत पहिली ती समई ठेविली.

एकदां हा वाटा मांडल्यावर तो भराभर वाढूं लागला. माझ्या कागदांत एका सार्वजनिक ग्रंथालयाचें पुस्तक निघालें. परतीची तारीख १९९४ ची. वर्गांत काढून घेतलेले दोन कंपास आणि एक भोवरा निघाला; 'वर्षाच्या शेवटीं परत देईन' असें मीं त्या मुलांना सांगितलें असणार. स्वयंपाकघरांतून शेजारणींचे चार डबे आणि एक वाटी निघाली. सूनबाईनें आपल्या कपाटांतून मैत्रिणीची एक शाल आणून ठेविली. प्रत्येकाकडे कांहींतरी होतें. चोरी कोणीच केली नव्हती; फक्त परत देण्याचें राहून गेलें होतें.

दुसऱ्या दिवशीं दिव्यांची पूजा झाली. आमच्या दिव्यांबरोबर ती समई घासावी कीं नाहीं, यावर थोडी चर्चा झाली. माझ्या मनांत ती आहे तशी, त्या गाळासकट, द्यावी असें होतें. मंडळी म्हणाल्या, "अहो, कोणाची वस्तु परत द्यायची ती घासून द्यावी." तेंच बरोबर होतें. पितळेला चिंच आणि मीठ लावलें कीं वरचा काळा थर आंबटपणानें सुटतो. मात्र पावसाळ्यांत नुसतें धुऊन ठेवूं नये. कोरड्या फडक्यानें तेव्हांच पुसावें, नाहींतर पुन्हां डाग धरतात. नातीनें खांचांतला गाळ लांकडी काडीनें हळूहळू काढला. नांव स्पष्ट दिसूं लागलें.

मंडळींनीं मोबाईलवर त्या अक्षरांचें छायाचित्र काढून आपल्या भजनी मंडळांतल्या बायांना पाठविलें. अण्णांना दोन वर्षांत जें साधलें नाहीं तें चार दिवसांत झालें. सहकारनगरांत पूरग्रस्तांच्या सोसायट्या आहेत; त्यांतल्या एकींत त्या बाई राहतात, वय अठ्ठ्याऐंशी, असा निरोप आला. श्रावणांतल्या एका शुक्रवारीं, पाऊस थोडा उघडला असतां, मी नातीला घेऊन गेलों.

काकूंची दृष्टि अधू झाली आहे. मीं वडिलांचें नांव सांगितलें, तेव्हां त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अण्णांचा धाकटा ना रे तूं?" मीं समई त्यांच्या मांडीवर ठेविली. त्यांनीं बैठकीवरून बोट फिरविलें. नांव वाचलें नाहीं, बोटानेंच ओळखलें. मग त्या सावकाश सांगूं लागल्या. पाणी आलें तेव्हां अण्णांच्या हातांत ट्रंक होती, माझ्या आईच्या दोन्ही हातांना माझीं थोरलीं भावंडें होतीं, आणि जिन्यावरून मला कडेवर घेऊन वर नेलें तें काकूंनीं. यांतलें मला कांहीं आठवत नाहीं, आणि आमच्या घरीं तें कोणी मला सांगितलें नव्हतें. काकू सांगत होत्या त्या एखादी साधी गोष्ट सांगावी तशा. पण त्या दिवशीं त्यांच्या घरांतून वर कांहींच गेलें नव्हतें, एवढें माझ्या ध्यानांत आलें.

जरा वेळानें त्यांनीं विचारलें, "तुझ्या आईची सांपडली का रे? तिचीहि होती एक, माहेरची."

मीं म्हटलें, "नाहीं, काकू."

त्यांनीं मान हलविली. मग सुनेला हांक मारून तेल आणि वात आणविली. दिवेलागणीला अजून अवकाश होता, तरी त्यांनीं ती लावविली. आम्ही चहा घेतला आणि निघालों. त्यांनीं समई ठेवून घेतली, याचा मला फार आनंद झाला. 'असूं दे आतां तुमच्याकडेच' असें त्या म्हणाल्या असत्या, तर अण्णांचें काम अपुरेंच राहिलें असतें.

श्रोते हो, घर आवरण्यावर हल्लीं पुष्कळ लिहिलें जातें. वर्षभर न वापरलेली वस्तु टाकावी, असें कोणी सांगतात. ज्या वस्तूनें आनंद होत नाहीं ती काढावी, असेंहि कोणी सांगतात. या नियमांशीं माझें भांडण नाहीं. त्यांनीं आमच्याहि एकशें सतरा वस्तु बाहेर काढल्या. परंतु दोन्ही नियम आपण आपल्यापुरतेच विचारतों : ही मला हवी कीं नको? दुसऱ्या एका प्रश्नाला तेथें जागाच नाहीं, आणि तो म्हणजे, ही आहे कोणाची? माझी विनंती इतकीच कीं, आवरावयास बसतांना वाटे दोन नकोत, तीन असावेत. आणि आरंभ तिसऱ्यापासून करावा. आपल्या वस्तूंना थांबण्यास वेळ असतो. ज्यांच्या वस्तु आपल्याकडे राहिल्या, त्यांना तो असेलच असें नाहीं. आणखी एक वर्ष ट्रंक माळ्यावर राहिली असती, तर ती समई मी कोणाच्या मांडीवर ठेवूं शकलों असतों, कोण जाणे.

पाणी कोणाला केव्हां गांठील याचाहि नेम नसतो. २०२४ च्या जुलैंत खडकवासल्यांतून सोडलेलें पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरींत घरांत शिरलें, आणि पुढें कित्येक दिवस लोक भिजलेलें सामान दारांत आणून टाकीत होते. निदान महत्त्वाचे कागद तरी एका पाकिटांत, एका हातानें उचलतां येतील असे, प्रत्येक घरीं उंचावर ठेवलेले असावेत.

आमच्या घराचें पुढें काय झालें, तें सांगून संपवितों. ग्रंथालयाचें पुस्तक मीं नेऊन दिलें. ग्रंथपालांनीं दंड मागितला नाहीं. मीं आपण होऊन भरला. शेजारणींचे डबे रिकामे परत देऊं नयेत म्हणून मंडळींनीं त्यांत नारळाच्या वड्या घातल्या. एका कंपासावर नांव होतें. तो मुलगा आतां चाळिशींत असून त्याचें किराणा मालाचें दुकान आहे. त्यानें तो हंसत हंसत घेतला आणि गल्ल्याजवळ ठेविला. दुसरा कंपास आणि भोवरा कोणाचे, तें मला अजून आठवत नाहीं. ते माझ्या टेबलावर आहेत. हें भाषण ऐकून कोणास ओळख पटली, तर त्यानें अवश्य यावें.

ट्रंकेचा तळ गंजून गेला होता. ती भंगारांत दिली. अण्णांची यादी मात्र पहिल्या वाट्यांत ठेविली आहे. खिडकीजवळ नातीचें टेबल आलें. पाऊस लागला कीं ती तेथें बसून लिहिते, आणि मी जवळ बसून पाहतों. मधूनमधून, जुन्या संवयीनें, 'नीट बसून लिही' असें म्हणतों. ती नीटच बसलेली असते.